परंदवडीच्या आबांची हजेरी

मी देवाला हात जोडते, चतुर्थीही करते, पण भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की उठून भांडी घासायला जाणारी बाई आहे मी. या ग्रुपवर इतकी वर्षं नुसती वाचत आले, आणि खरं सांगू का, निम्म्या वेळा हसले. आज लिहितेय, कारण हे कुणाला तरी सांगायलाच हवं आणि घरात सांगायला कुणी नाही.

मी सोमाटणे फाट्याला राहते. आमचे हे फौजेत होते. रिटायर होऊन आले आणि वर्षभरातच आजारपणाने गेले. त्यानंतर पेन्शनचे कागद, शिक्के, ऑफिसं... सगळं मीच फिरून केलं, त्यामुळे त्यातलं कळायला लागलं. मग आमच्या तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या संघटनेने सांगितलं, मॅडम, आता इतरांनाही मदत करा. मुलगी लग्न होऊन नाशिकला, मला तरी दुसरं काय होतं? कुणी माजी सैनिक वारला की मी त्या घरी जायचे. पुष्पचक्र कुठून येतं, अंत्यविधीची मदत कुणाला मिळते, विधवेच्या पेन्शनला काय लागतं, हे सांगायचं. रडणाऱ्या बाईशेजारी बसून सांगायचं, कारण नंतर कुणी सांगत नाही.

परंदवडीचे आबा मला असेच भेटले. रिटायर्ड हवालदार, बौद्धवाड्याच्या टोकाला एका खोलीत एकटे. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. एक पुतण्या, तो वराळ्याला कंपनीत, शिफ्टमधून सुटला तर येणार. आबांच्या हयातीच्या दाखल्यासाठी मी पहिल्यांदा गेले आणि मग जातच राहिले. चहा तेच करायचे, लय गोड.

एकदा मला म्हणाले, "ताई, मी मेल्याव सरकारकडनं काय येतं?"

"असं काय बोलता आबा."

"इचारतोय. तिरंगा घालत्यात का?"

"तो नोकरीत असताना गेलेल्यांना. तुम्हाला पुष्पचक्र येईल. संघटनेची माणसं येऊन सॅल्यूट करतील. आणि वारसाला अंत्यविधीसाठी मदत मिळते."

"वारस..." ते हसले. "वारस कुटनं आणू आता? बरं ते ऱ्हाऊ द्या. फुलं न्हाई आली तरी चालंल. माझ्या वेळेला हजेरी घ्या म्हंजी झालं. माझं नाव शेवटी घ्या."

हे हजेरीचं मला माहीत होतं. वाड्यातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. दिवेलागण झाली की आबा डोक्यावर जुनी टोपी चढवून उंबऱ्यात सावधान उभे राहायचे आणि अंधारत चाललेल्या शेताकडे तोंड करून नावं घ्यायचे. "नायक रामचंदर! लान्स नायक याकूब! शिपाई गणपत! शिपाई धोंडिबा!..." अशी पुढे आणखी. प्रत्येक नावानंतर थांबायचे. समोरच्याने उत्तर द्यावं एवढं थांबायचे. तरुणपणीच्या लढाईत त्यांचं सगळं सेक्शन, म्हणजे बरोबरची तुकडी, एका टेकडीवर संपलं होतं, एकटे आबा खाली आले होते. शेवटचं नाव झालं की "ठीक है" म्हणायचे आणि आत जाऊन स्टोव्ह पेटवायचे.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुठे बघावं ते कळेना. नंतर सवय झाली. इतकी, की ती नावं माझीही पाठ झाली.

आबा थंडीत गेले. दुपारी खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. शेजारच्या मावशी चहापत्ती मागायला गेल्या तेव्हा कळलं. पुतण्याचा फोन आला, मी संघटनेत कळवलं. दुसऱ्या दिवशी वलवणहून आमचे सुभेदार साहेब, तेही रिटायर्ड, पुष्पचक्र गाडीत घालून वेळेत पोचले. शर्टावर मेडल लावलेली, बूट चकचकीत. बाकी माणसं किती? वाड्यातली थोडी, पुतण्या, त्याचे दोन मित्र. सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. सुभेदार साहेबांनी पुष्पचक्र वाहिलं, कडक सॅल्यूट केला. पुतण्याने अग्नी दिला.

स्मशानभूमी ओढ्याकाठी, पत्र्याची शेड आणि पलीकडे कापणी झालेली भातखाचरं. दिवस मावळायला लागला तशी माणसं एकेक करून निघाली. पुतण्याला नाइट शिफ्ट होती, तो माझ्या पाया पडला आणि निघाला. काय बोलणार त्याला? सुभेदार साहेब म्हणाले, "मॅडम, थंडी आहे, मी गाडीत बसतो. तुमचं झालं की या, सोडतो."

आणि मी एकटीच राहिले. आबांच्या चितेपाशी त्या वेळी फक्त मी होते, जिचं त्यांच्याशी नातं काहीच नव्हतं.

हजेरीचं माझ्या लक्षात होतं. पण माणसांसमोर लाज वाटली होती. हसली असती माणसं. आता कुणी नव्हतं. मी पदर खांद्यावर घेतला, ओढ्याकडे तोंड केलं, आणि म्हटलं, "नायक रामचंदर."

"हाजिर साब."

मी चमकून मागे पाहिलं. कुणी नाही. आवाज समोरून आला होता, भातखाचरांच्या बाजूने. घोगरा नाही, भेसूर नाही... दिवसभर राबून बसलेल्या माणसाचा असतो तसा साधा, दमलेला आवाज.

तुम्ही म्हणाल, ही तिथून पळाली का नाही? मलाही ते कळत नाही. भीती वाटायला हवी होती. पण उत्तर आलं होतं ना, मग पुढचं नाव घ्यायला नको? मला तेवढंच सुचलं.

"लान्स नायक याकूब."

कुणीतरी आधी खोकलं. मग, "हाजिर साब."

"शिपाई गणपत." हे उत्तर घाईघाईने आलं, उशिरा पोचलेला माणूस रांगेत घुसताना देतो तसं. धोंडिबाचं तर इतक्या जवळून आलं की मी बाजूला सरकले. प्रत्येकाचा आवाज वेगळा. एकेक करून सगळी नावं झाली. एकही नाव रिकामं गेलं नाही.

मग मी आबांचं नाव घेतलं. पदासकट, पूर्ण.

काही नाही. लाकडं तडतडत होती. ओढ्याचं पाणी वाजत होतं. मी थांबले, आबा थांबायचे त्याहून जास्त थांबले. पुन्हा नाव घेतलं. नाहीच. बाकी सगळे हजर होते... आबाच नव्हते.

तेव्हा मात्र मला रडू फुटलं. भीतीने नाही. काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

गाडीपाशी गेले तर सुभेदार साहेब बाहेर उभे. सावधान. मला बघून ते हलले, दार उघडलं. सोमाटण्याला पोचलो. माझ्या बिल्डिंगखाली थांबल्यावर स्टीअरिंगवरचे हात न काढता त्यांनी विचारलं,

"मॅडम, शेवटच्या नावाला उत्तर का नाही आलं?"

मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी उन्हात पुन्हा गेले. ओढ्यापलीकडे जाऊन पाहिलं. ना झोपडी, ना वीटभट्टी, ना मजूर. प्रतिध्वनी म्हणावा तर माझेच शब्द परत आले असते. परतताना शेजारच्या मावशींकडे टेकले आणि राहवलं नाही म्हणून सगळं सांगून टाकलं. त्यांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या,

"दमला आसंल म्हातारा. लय वर्सं उभा व्हता गं त्यो. झोपू दी की त्याला."

हे उत्तर आहे का? मला माहीत नाही. सुभेदार साहेब हल्ली तो विषय निघाला की उठून जातात. सायन्सवाल्या एका ओळखीच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, दुःखात मन आवाज ऐकतं. असेल. पण दोघांच्या मनांनी तोच आवाज ऐकावा? आणि नेमकं शेवटचं नाव दोघांसाठीही रिकामं जावं? तुमच्यापैकी कुणाला असा काही अनुभव आला असेल तर लिहा. मला आजपर्यंत काही उलगडलेलं नाही.

एक गोष्ट मात्र केली मी. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पुढे आयुष्यभर "अहो" आणि "हे". त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी गॅलरीत गेले, हायवेकडे तोंड करून उभी राहिले आणि ह्यांचं नाव घेतलं. पदासकट, मोठ्याने. थांबले. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई वाळलेले कपडे काढता काढता माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा एकदा नाव घेतलं, आणि कठड्याला धरून बराच वेळ तशीच उभी राहिले.