डोंगर कुठं आला?

लॅबमध्ये संशोधनापेक्षा किस्से लवकर तयार होतात. संशोधनाला तीन-तीन हंगाम लागतात, किस्सा दुपारचा डबा उघडेपर्यंत तयार! त्यात आमची लॅब सगळ्यांची सामायिक. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्यांची कमी नाही, पण आमच्यासारखं मशीन प्रत्येकाकडे नाही. त्यामुळे कंपनीवाले, कॉलेजवाले, पीएचडीवाले सगळे वेळ ठरवून आमच्याकडे येतात. मशीन मी चालवते आणि किस्सेही माझ्याकडेच जमा होतात.

मशीनचं नाव फ्लो सायटोमीटर. नावाला घाबरू नका. झाडाचं पान ब्लेडनं बारीक चिरायचं, औषधाच्या पाण्यात कालवायचं, गाळायचं आणि मशीनला पाजायचं. पेशींची केंद्रकं एकामागे एक लेझरसमोरून जातात आणि स्क्रीनवर एक डोंगर उभा राहतो. डोंगर कुठं आला त्यावरून कळतं, की झाडाची गुणसूत्रं नेहमीइतकीच आहेत की दुप्पट झालीत. पण डोंगर मोजायला शेजारी एक ओळखीचं झाड लागतं. त्यासाठी आमच्या खिडकीत कुंडीत टमाटा आहे. प्रत्येक नमुन्याबरोबर त्याचं एक पान चिरायचं. त्याला म्हणायचं स्टँडर्ड.

"आख्ख्या लॅबमध्ये स्टँडर्ड असलेला तो एकटाच," असं आमचे प्रमुख खरात सर आम्हाला अधूनमधून ऐकवतात.

*

त्या टमाट्याला पाणी घालायचं काम पारसकाकांचं. काका आमचं स्टोअर सांभाळतात. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात. लॅबवर त्यांचा घरच्यासारखा जीव.

एका खंडेनवमीला त्यांनी मशीनला झेंडूचा हार घातला. चांगला जाड, दोन पदरी! तासाभरात मशीन तापलं आणि बंद पडलं. मी कंपनीच्या इंजिनिअरला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं स्क्रीनवर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, हार पंख्याच्या जाळीवर आहे! तो आधी काढा. मशीनला श्वास घेऊ द्या!"

काका मागून म्हणाले, "बघा ताई! मी म्हणतच व्हतो, त्याच्यात जीव हाय!"

*

कंपनीची माणसं म्हणजे गुप्ततेचा कळस. एकदा दोन कंपन्यांचे दोन साहेब एकाच सकाळी आले. दोघांच्या पिशवीत मिरचीची पानं. पानं एकमेकांना दिसू नयेत म्हणून दोघं पाठीला पाठ लावून बसले. एकानं तर त्याचा डोंगर आला तेव्हा स्क्रीनवर रुमाल धरला.

मी म्हटलं, "साहेब, साध्या मिरचीचा डोंगर सगळ्यांचा एकाच जागी येतो. लपवायचं काय त्यात?"

"माहीत हाय ना ताई," ते हळूच म्हणाले. "पण त्याला वाटलं पाहिजे, आपल्याकडं काहीतरी हाय!"

*

भेंडीच्या पानाला चिकट तार सुटते आणि मशीनची नळी तुंबते. दोनदा तुंबल्यावर सरांनी दारावर ठळक अक्षरात कागद लावला, 'भेंडी आत आणू नये.' पुढच्याच आठवड्यात तपासणीसाठी एक कमिटी आली. कमिटीतल्या एका मॅडमनी कागद दोनदा वाचला.

"सर, तुम्हाला भेंडी आवडत नाही का?"

"मला फार आवडते हो," सर म्हणाले, "पण घरात सगळ्यांच्या आवडीचं बघावं लागतं!"

बाकी दिवसभर पानं चिरून माझा हात असा बसलाय, की घरी सासूबाई भाजीवरची कोथिंबीर चमच्यानं शोधतात. "चिरली म्हणतीस, मंग गेली कुठं?"

*

आता मनीषाचं सांगते. मनीषा आमची पीएचडीची पोरगी, भोकरदनकडच्या धावड्याची. तिला बिनबियांचं टरबूज करायचंय. त्यासाठी आधी गुणसूत्रं दुप्पट झालेलं झाड लागतं. त्याचा साध्या झाडाशी संकर केला, की त्या बियांतून येणाऱ्या वेलाला बिनबियांची टरबुजं लागतात. दुप्पट करायला कोवळ्या रोपाच्या शेंड्यावर औषधाचा थेंब ठेवायचा आणि वाट बघायची. बहुतेक रोपं मरतात, उरलेली तशीच राहतात. मनीषाचे दोन हंगाम असेच गेले होते. तिसराही वाया गेला तर हा विषय सोडून नव्यानं सुरुवात करायची, असं ठरलं होतं. पोरीचा चेहरा पार उतरला होता.

रोपं तिच्या वडिलांच्या शेडनेटमध्ये, धावड्याला. तिथून ती ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं डब्यात घालून एसटीनं आणते. एकदा वडीलही सोबत आले. ती त्यांना आबा म्हणते. सरांनी त्यांना खुर्चीत बसवून गुणसूत्रांचा आख्खा धडा शिकवला. आबांनी शांतपणे ऐकून घेतला.

"समदं बराबर हाय साहेब. पण टरबुजात बीच न्हाई म्हणल्यावर पोरांनी थुंकायचं काय?"



*

गेल्या दिवाळीनंतर मात्र विपरीत घडलं. सुट्टी संपवून आम्ही आलो. टमाटा खिडकीत हिरवागार. मनीषानं नवी पानं आणली, चिरली, मशीनला पाजली. डोंगर आला, पण साध्या टरबुजाच्या जुन्याच जागी. एकही रोप दुप्पट नाही. ती उरलेली पानं डब्यासकट फ्रिजमध्ये ठेवून बाहेर गेली, आबांना फोन लावला आणि रडत रडत म्हणाली, "आबा, उपटून टाका सगळी. मिरची लावा तिथं." मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

त्या आठवड्यात इतरांचंही बिनसलं. ज्याचं त्याचं माप जवळपास अर्धं येत होतं. मिरचीवाले साहेब तर ओरडायला लागले, "माझी मिरची अर्धी केली या मशीननं!" मी लेझर तपासला, नळ्या धुतल्या, इंजिनिअरचं डोकं खाल्लं. सगळं ठीक.

मग एका सकाळी पारसकाका कुंडी छातीशी धरून धावत आले. "सर, जल्दी बघा! टमाट्याला रोग लागला! मुळाला गाठी आल्यात!"

सरांनी माती बाजूला केली. मुळाशी गोट्यांएवढे गोल, पांढुरके गोळे होते. सरांनी एक उचलला, नखानं खरवडला आणि काकांकडे पाहिलं.

"काका, हा बटाटा आहे."

मग सगळं बाहेर आलं. सुट्टीत टमाटा वाळून गेला होता. सर ओरडतील या भीतीनं काकांनी कँटीनमागच्या उकिरड्यावर उगवलेलं, तशाच पानांचं रोप आणून गुपचूप कुंडीत लावलं होतं. बटाट्याच्या पेशीत टमाट्याच्या जवळपास दुप्पट गुणसूत्रांचा ऐवज असतो. त्याच्याशी मोजल्यावर सगळं जग अर्धं दिसणारच!

"पण काका, बटाट्याचं झाड ओळखू आलं नाही?" मी विचारलं.

काकांना रडू फुटायचंच बाकी होतं. "ताई, आम्ही जैन माणसं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बटाटा आला न्हाई. त्याचं झाड कसं दिसतं, मला काय ठाव?"

कुणीतरी हसलं. सरांनी चष्मा काढला. खोलीत वनस्पतिशास्त्राच्या पदव्या घेतलेली आम्ही पाच-सहा माणसं उभी होतो, आणि सगळ्यांनी आठवडाभर त्याच झाडाची पानं तोडली होती.

"काकांकडे कारण तरी आहे," सर म्हणाले. "आपल्याकडे काय आहे?"

*

मनीषा मात्र हसत नव्हती. ती फ्रिजपाशी गेली. तिच्या पानांचे उरलेले तुकडे डब्यात तसेच होते. काका स्वतः नर्सरीतून टमाट्याचं रोप घेऊन आले. या वेळी प्रत्येकानं पान चुरडून वास घेतला, मगच मी ब्लेड उचललं.

डोंगर हळूहळू चढायला लागला. जुनी जागा सोडून पुढं, टमाट्याच्या डोंगराला जवळजवळ खेटून. दुप्पट! दुसऱ्या रोपाचाही तिथंच. तीन हंगाम जे हवं होतं ते समोर स्क्रीनवर होतं, आणि ती रोपं उपटायला तिनंच सांगितलं होतं.  मनीषानं आबांना फोन लावून टेबलावर ठेवला, स्पीकर चालू करून. आम्ही सगळे भोवती उभे. काका तर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"आबा, ती टरबुजाची रोपं... उपटली का?"

"न्हाई अजून."

मनीषानं तोंडावर हात दाबला. मग फोनकडे वाकून म्हणाली, "पण मी तर सांगितलं होतं ना, उपटून टाका म्हणून?"

"तू रडत सांगत व्हतीस," आबा म्हणाले. "रडत सांगितलेलं काम मी जल्दी करत न्हाई. तुझ्या मायचं बी कधी केलं न्हाई."