बोट बुडाली नाही

तापीकाठच्या गावांत भिकन नावाची माणसं जागोजाग सापडतात आणि त्यातल्या एकालाही नावाची लाज वाटत नाही. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिला पुढचं झालं की ते सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. शेजारणीनं ते उचलायचं, हे माझं म्हणायचं. मग आईनं तिच्यापुढे पदर पसरायचा, मूठभर ज्वारी द्यायची आणि आपलंच लेकरू मागून घ्यायचं. मरणाला पत्ता चुकवायची ही युक्ती. असं मागून आणलेला तो भिकन, लोटून दिलेला तो लोटू, मरणाला गोड लागू नये म्हणून ठेवलेला तो कडू. दापोऱ्याच्या शाळेत हे तिघंही एका बाकावर बसायचे आणि मास्तर त्यांची हजेरी एका दमात उरकायचे.

त्या बाकावरचा भिकन महाजन आता त्रेपन्न वर्षांचा आहे. आठ एकर केळी, गुडघे जरा कुरकुरणारे आणि आवाज असा की याच्या बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शेतातला माणूस दचकून पंप बंद करतो. केळीचा घड झाडावर असतानाच तो वजन सांगायचा. अंदाज चुकला तर काट्यात खोट आहे म्हणायचा. बायको वैशाली म्हणायची, यांचं कधी चुकत नाही, जगाचंच चुकतं.

त्याला उकिरड्यावरून उचलणारी बाई जैनाबादची, कौशल्या नावाची. त्या नात्यानं ती त्याची मानाची आई. भिकन तिला मावशी म्हणायचा आणि दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साडी, आंबे घेऊन तिच्याकडे जायचा. मावशी त्याला पाटावर बसवून जेवायला वाढायची आणि समोर बसून तो शेवटचा घास खाईपर्यंत बघत राहायची. पाया मात्र कधी पडू द्यायची नाही. तो वाकला की ती पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची. म्हाताऱ्या माणसाच्या तऱ्हा, म्हणून भिकननं कधी मनावर घेतलं नाही. तिचा मुलगा रमेश भिकनच्याच बागेत केळीच्या कटाईला असायचा. डोक्यावर घड वाहायचा, गाडी भरायचा आणि भिकनच्या शिव्या खायचा. निघायच्या आदल्या दिवशीसुद्धा एका घडाला डाग पडला म्हणून भिकननं त्याला चारचौघांत झाडला होता.

निघायचं होतं अंदमानला. मुलगा विपुल इंदूरला कंपनीत लागलेला. मे संपताना तिकडे वारा सुटतो, पर्यटक पाठ फिरवतात, म्हणून सहल स्वस्तात मिळाली. चार जणांची. चौथी भिकनची आई आशाबाई, वय अठ्ठ्याहत्तर. तिला समुद्राची काडीची हौस नव्हती. पण भिकन कुठं सहा दिवस जाणार आणि ती घरी राहणार, हे आजवर घडलं नव्हतं. चार लेकरं मातीत घालून पाचवा हाती लागलेला. त्याचं लग्न झालं, त्याला मुलगा झाला, केस पांढरे झाले, तरी तो शेतातून परत येईपर्यंत आशाबाईच्या घशाखाली घास उतरत नसे.

विमानात ती डोळे मिटून बसली. पोर्ट ब्लेअरला एक रात्र गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅवलॉक बेटावर नेणारी बोट धरली आणि जे व्हायचं ते तिथं झालं.

पहिला तासभर ठीक गेला. मग बोट डावीकडे कलली, उजवीकडे कलली आणि खालून कुणी तरी धरून आपटावी तशी आपटली. काचेवर हिरवं पाणी चढलं. पुढच्या रांगेतल्या बाईनं कागदी पिशवीत तोंड घातलं आणि तिचं पाहून सगळ्यांनीच घातलं. बोटीवरची पोरं मात्र पिशव्या वाटत निवांत फिरत होती. आशाबाईला ती पोरं दिसलीच नाहीत. तिला फक्त काचेवरचं पाणी दिसत होतं. तिनं भिकनचं मनगट घट्ट धरलं.

"भिकन, मले सांगू दे. हे घेऊन मले मरायचं नाई."

"कोन मरून राह्यलं माय? डोळे मिट. आलंच आता."

"तू माह्या पोटचा नाई, बापा."

भिकनला वाटलं, उलटीची गोळी डोक्यात गेली. आशाबाई थांबेना. बोट आपटत होती आणि दर आपटण्यासरशी तिच्या तोंडून एकेक वाक्य बाहेर पडत होतं.

बहात्तरच्या दुष्काळात ती बाळंतपणाला माहेरी, जैनाबादला गेली होती. आधीची तीन गेलेली. चौथंही तिसऱ्या दिवशी गेलं, पण आईनं ते घराबाहेर कळू दिलं नाही. मागच्या गल्लीत कौशल्या बाळंत झालेली. पदरात तीन लेकरं, नवरा खडी फोडायच्या कामावर म्हणून गेला तो तोवर परतला नव्हता, आणि अंगावरचं दूध आटलेलं. इकडे आशाबाईचा पान्हा थांबेना. आईच्या सांगण्यावरून तिनं कौशल्याच्या पोराला पाजलं. एकदा पाजलं, मग रोज पाजलं. बाराव्या दिवशी आशाबाईच्या आईनं ज्वारीचं एक पोतं कौशल्याच्या दारात नेऊन ठेवलं. कुणाला कळू द्यायचं नाही असा दोघींत शब्द झाला आणि कौशल्यानं गल्लीत सांगितलं, माझं गेलं. त्या साली असं कुणी सांगितलं तर कोणी जास्त विचारत नव्हतं.

"मंग सूप, उकिरडा, सगळं केलं लोकांदेखत," आशाबाई म्हणाली. "तिनं तुले उचललं, मी पदर पसरला. लोकायले वाटलं रीत चालली. मी खरंच भीक मागत व्हती रे. तिच्या पोटचं पोरगं मागत व्हती."

"बाबाले?" भिकनच्या तोंडून एवढंच निघालं.

"तुह्या बापाले बी नाई सांगतलं. ते गेले तवर नाई सांगतलं."

मागच्या रांगेत वैशालीनं सगळं ऐकलं. तिच्या हातातली पिशवी तशीच राहिली, उलटी आली तिथं थांबली. विपुल कानात इअरफोन घालून डोळे मिटून पडला होता. भिकननं मनगट सोडवलं नाही. त्याला ते आपलं वाटेना, एवढंच. आशाबाईनं डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात इच्छादेवीचं नाव घेतलं आणि मरायची वाट बघू लागली.

बोट बुडाली नाही.

वीस मिनिटांनी ती अगदी शहाण्यासारखी धक्क्याला लागली. स्पीकरवरून एका मुलीनं सुखाच्या सहलीसाठी शुभेच्छा दिल्या. धक्क्यावर विपुलच्या नावाची पाटी धरून एक माणूस उभा होता. त्यानं चौघांच्या गळ्यात शिंपल्यांच्या माळा घातल्या आणि हातात शहाळी दिली. भिकनला बसला त्याहून मोठा धक्का आशाबाईला बसला होता. मरणार म्हणून तिनं त्रेपन्न वर्षांचं कुलूप उघडलं होतं आणि आता ती शहाळं हातात घेऊन धडधाकट उभी होती. पुढे चार दिवसांची सहल शिल्लक होती.

"आजी, नळीनं ओढ ना," विपुल म्हणाला. "पापा, तुम इतना चूप क्यों? उलटी हुई क्या?"

"व्हय," भिकन म्हणाला.

मग ती सहल झाली. ठरल्याप्रमाणे सगळी झाली. दुपारी समुद्रकिनारा, संध्याकाळी सूर्यास्त, दुसऱ्या दिवशी काचेच्या तळाची होडी. भिकन फोटोत हसला, विपुलनं सांगितलं तिथं उभा राहिला, सांगितलं तेव्हा हात वर केले. पांढऱ्या वाळूवर तो गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा होता आणि त्याच्या डोक्यात रमेश होता. रमेश त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. कौशल्याचा नवरा दोन वर्षांनी परत आल्यावर झालेला. म्हणजे सख्खा भाऊ. वीस वर्षं तो याच्या बागेत घड वाहतोय, भिकनदादा म्हणतोय, दुपारी बांधावर बसून आपली भाकर खातोय आणि हा खाटेवर बसून त्याला डागाबद्दल शिव्या देतोय. पाण्यातून बाहेर येऊन भिकन वाळूत बसला आणि बराच वेळ उठला नाही.

हॉटेलात नाश्त्याला बोटभर लांबीची केळी ठेवलेली असायची. एरवी त्यानं वाढप्याला उभं करून जात, माती, पाणी यांचा पाठ दिला असता. त्यानं एक केळं उचललं आणि परत ठेवलं. वैशालीला ते पाहून रडू आलं. तिनं नवऱ्याला अनेक तऱ्हांनी पाहिलं होतं, गप्प कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, त्यांच्याशी बोला तरी," ती म्हणाली. "तुमच्याकडेच पाहून राह्यल्या सकाळपासून."

"काय बोलू? सांग ना. काय म्हनून बोलू?"

राग आशाबाईवर होता, तो ठीक होता. पण तेवढ्यानं भागत नव्हतं. कौशल्यावरही होता. दिलं तर दिलं, मग दरसाल समोर बसून जेवताना काय बघत होती? आणि साडी घ्यायची कशी? पोटच्या पोराकडून मान म्हणून साडी घ्यायची आणि पाय लपवायचे. दोघींनी मिळून त्याला पन्नास वर्षं या दारातून त्या दारात फिरवलं होतं आणि तो मोठ्या ऐटीत फिरला होता, याची त्याला चीड येत होती.

त्या चार दिवसांत तो आशाबाईशी वाईट वागला नाही. तिला हात धरून पायऱ्या उतरवल्या, तिच्या गोळ्या वेळेवर दिल्या. पण हाक मारली नाही. "आजीले विचार, चहा पायजे का," असं विपुलला सांगायचा. "त्यायले शाल दे," असं वैशालीला. पहिल्या दिवशी आशाबाईला वाटलं, धक्का आहे, ओसरेल. दुसऱ्या दिवशी तिनं मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी तिला कळून चुकलं की तो शब्द टाळतोय. माय हा शब्द दिवसातून शंभर वेळा तिच्या कानावर पडायचा, चपला सापडत नसल्या तरी पडायचा. तिनं आयुष्यात नवरा गेलेला सोसला, चार लेकरं गेलेली सोसली. हे मात्र सोसवेना. तिचं जेवण सुटलं. विपुल म्हणाला, आजीला इथलं खाणं पचत नाही.

परतीची बोट पाचव्या दिवशी दुपारी होती. बेटावर फोन लागायचा तो फक्त धक्क्याजवळच्या बाजारात. विपुल आणि वैशाली दुकानं बघत पुढे गेले. शहाळेवाल्याच्या सावलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर आशाबाई बसली. भिकन दहा पावलं लांब जाऊन उभा राहिला, फोन काढला, खिशात घातला, पुन्हा काढला. शेवटी येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि रमेशला फोन लावला. बाजारात गलका होता म्हणून स्पीकर चालू केला.

"हां दादा," रमेश म्हणाला. "पानी देल्लं बागीले. टेन्शन नको घेऊ. त्या घडाचं माह्याच हातून झालं होतं, मी..."

"जाऊ दे ते," भिकन म्हणाला. "जेवला का तू?"

रमेश गडबडला. वीस वर्षांत हा प्रश्न त्याला या माणसानं विचारला नव्हता. "जेवलो ना," तो म्हणाला.

"मावशीकडे दे."

फोन या हातातून त्या हातात जाताना खरखरला. मग कौशल्याचा बारीक आवाज आला. "कोन, भिकन? समुद्रावर हाय ना तू? पानी लई हाय म्हनतात. आत नको जाऊ."

चार दिवस त्यानं मनात केवढं तरी बोलणं जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य वेळेला आलं नाही. "मी तुहा हाय का?" त्यानं विचारलं.

कौशल्या हसली. ते हसणं इतकं खोटं होतं की शहाळेवाल्यानंसुद्धा मान वर केली.

"कोन म्हने असं? आशाबाई? वय झालं बापा तिचं. पानी पाहून भेली असन. तू तिचाच हाय. मी नुसता उचलला तुले, रीत म्हनून. एवढंच. घरी ये, आखाजीची साडी अजून घडीतच हाय..." ती बोलत गेली. ती बोलणं थांबवायला घाबरत होती हे भिकनला स्वच्छ कळत होतं.

आशाबाईनं हात पुढे करून फोन आपल्या तोंडाजवळ ओढला.

"कौशल्या, मी आशा बोलून राह्यली. मी सांगून टाकलं त्याले. शब्द मी मोडला, तुह्याकडून नाई मोडला. पन आता तू त्याच्यासंग खोटं नको बोलू."

जैनाबादहून कोंबड्याचं आरवणं ऐकू आलं, कुणाची तरी मोटरसायकल गेली. मग लांबून रमेशचा घाबरलेला आवाज आला, "काय झालं व माय, कायले रडून राह्यली?" इकडे आशाबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली होती. आता आपलं काय उरलं, हे तिनं जणू ऐकून घ्यायचं ठरवलं होतं.

भिकन तिच्याकडे बघत होता आणि फोन त्याच्या हातात होता. काय ठरवायचं हे त्याला अजूनही कळलं नव्हतं. चार दिवस टाळलेला शब्द तेवढा तोंडून निघाला.

"माय," तो म्हणाला.

"काय रे बापा," फोनमधून आलं, आणि त्याच क्षणी शेजारच्या खुर्चीतूनही.