चुकलं की पहिल्यापासून

थळच्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे एक काका पन्नाशीत गिटार शिकताहेत. आधी रॉकेलने हात धुतात, मग साबणाने, मग पँटला पुसतात, तेव्हा कुठे गिटार उचलतात. बोटं पान्याला सरावलेली; एक तार दाबायला जावं तर दोन दाबल्या जातात. सूर फसला की इंजिन बंद केल्यासारखे थांबतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. दोन वर्षं एकच गाणं! मला चीड यायची.

मासळी वाळवायच्या जागेला कुंपण घालणार होते, त्याविरुद्ध आम्ही भरवलेल्या सभेत दुसरं कोणी वाजवणारं नव्हतं म्हणून मी त्यांनाच साथीला बसवलं. गर्दी त्यांचं तेच गाणं गात होती. तिसऱ्या ओळीला बोट घसरलं आणि काकांनी हात वर करून अख्खी सभा थांबवली.

"काका, रेटा पुढे! कोणाला कळतंय?" मी कुजबुजले.

"मला तं कळलं ना, बाय." मग माईकवर म्हणाले, "माजा चुकला. पयल्यापासून."

"वाजव रं, आमी काय पळून चाललो?" एक कोळीण ओरडली. हशा पिकला. या वेळी सूर लागला आणि काका तोंडभर हसले.

पुढचं भाषण माझं होतं. कुंपणाने बंदराचा रस्ताही बंद होणार, असं आमच्या पत्रकात छापलं होतं. ते खोटं आहे हे मला सकाळीच कळलं होतं, तरी पत्रकं वाटली होती.

मी माईक धरला. "पत्रकातली दुसरी ओळ चुकली आहे. रस्ता बंद होणार नाही. मासळीची जागा जाणार आहे. लढायला तेवढं बास आहे."