सौम्याचं ‘येस सर’

या, जरा जवळ सरका. असं दारात उभं राहून अर्धंमुर्धं ऐकायचं आणि नंतर विचारायचं, “मग पुढं काय झालं अक्का?” ही तुम्हा मंडळींची खोड मला चांगली ठाऊक आहे. या सदरातल्या गोष्टी तुम्ही शेवटाकडून वाचता, तेही ठाऊक आहे. माझी सून तस्संच करते. आज तेवढं करू नका. सावकाश ऐका... कारण मला स्वतःला यातलं काही कळलेलं नाही.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. दृष्ट काढणं तर मी मिरच्या वाया जातात म्हणून बंद केलं होतं. गावाकडच्या वाडीतल्या बायका चिंचेखालच्या बाईबद्दल कुजबुजायच्या तेव्हा मी विचारायची, “तिचं रेशनकार्ड आहे का गं?”

तर आम्ही इकडं कन्नड मुलखात, जे. पी. नगरात राहतो. तळमजला. पुढच्या खोलीत रस्त्याकडे खिडकी, खिडकीशेजारी फळा आणि फळ्यासमोर एक वेताची खुर्ची. या खोलीत मी पीयूसीच्या मुलामुलींना, म्हणजे तुमच्याकडच्या अकरावी-बारावीच्या, इंग्रजी बोलायला शिकवते. माझ्या शिक्षणाचं विचारू नका, सातवीत शाळा सुटली. इंग्रजी मी रेडिओवरच्या बातम्यांतून उचललं, आणि यांच्या दुकानातून. यांचं जयनगरला टेलरिंगचं दुकान होतं. मी मागं काजं-बटणं करत बसायची आणि गिऱ्हाईक फाडफाड बोललं की तेच वाक्य ओठातल्या ओठात म्हणून बघायची.

ती वेताची खुर्ची त्या दुकानातली. गिऱ्हाइकानं बसायची. हे स्वतः जन्मात तिच्यात बसले नाहीत. “ती येणाऱ्याची खुर्ची,” म्हणायचे. दोन-तीन वर्षांमागं हे गेले, दुकान आवरलं, आणि खुर्ची माझ्या क्लासात आली.

आता माझी शिकवायची पद्धत सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. ही पोरं व्याकरण पाठ करून येतात, पण माणूस समोर बसला की तोंडाला कुलूप. म्हणून मी सांगते, माणसाशी नको, खुर्चीशी बोल. खुर्चीत पाहुणा बसलाय असं धर. त्याला कन्नड येत नाही, मराठी येत नाही, हिंदी येत नाही. फक्त इंग्रजी. फळ्यावर लिहूनच ठेवलंय, ‘ओन्ली इंग्लिश’. त्याला नाव विचार, कॉफी विचार, आणि विचारल्यावर स्वल्प, म्हणजे जरासं, थांब. तो उत्तर देईल तेवढी जागा सोड. संभाषण म्हणजे एकट्यानं धावणं नाही.

हे असताना, तेव्हा क्लासात घरातलीच एक साधी खुर्ची होती, या पद्धतीची चेष्टा करायचे. मी म्हणायची, “तुम्हीही बसा की एकदा खुर्चीसमोर. चार वाक्यं शिकाल.” यांचं इंग्रजी म्हणजे चेस्ट, वेस्ट, लूज, टाइट आणि रेडी. टेपपुरतं. त्यावर हे म्हणायचे, “मी काय पाहुणा आहे का, माझ्याच घरात इंग्रजी बोलायला?”

गेल्या वर्षी सौम्या आली. होसकोटेकडची मुलगी, वडील तिथल्या कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर. दहावीपर्यंत कन्नड मीडियम, मग एकदम इंग्रजी. इथं मावशीकडं राहून कॉलेज करत होती. कॉलेजात तोंडी परीक्षा होती आणि ही बोलायला उभी राहिली की रडायची. गुणी पोर. मी तिला पुट्टी म्हणायची, आपण छकुली म्हणतो तसं.

पहिले काही आठवडे खुर्चीसमोर नुसती उभी राहायची. मग एका दुपारी बोलायला लागली. “गुड आफ्टरनून सर. माय नेम इज सौम्या.” आणि थांबली. छान थांबली, अगदी खरं ऐकल्यासारखी मान तिरकी करून. मग म्हणाली, “सॉरी सर? प्लीज रिपीट.”

मी खूश. प्लीज रिपीट मीच घोकून घेतलेलं. न कळलं तर लाजू नका, पुन्हा विचारा, हे मी कानीकपाळी ओरडत असते. क्लास सुटल्यावर तिला म्हटलं, “पुट्टी, काय सुंदर कल्पना केलीस गं. कोण बसवला होतास खुर्चीत?”

ती चपला घालता घालता थांबली. म्हणाली, “मी कुठं बसवला आंटी? ते बसलेच होते.”

मी हसले. पोरी या वयात थोड्या नाटकी असतातच. पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मग मी सहज विचारलं, “तुझे सर बोलतात कसे? टीव्हीवरच्यांसारखे?”

“नाही आंटी, आमच्यासारखेच. अडखळत. शब्द शोधतात. आणि शोधताना असं करतात.” तिनं अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासून दाखवलं.

कापड जोखताना टेलर करतो ना, अगदी तसं. हातात कापड नसलं तरी हे तसं करायचे... जेवताना, बसची वाट बघताना, दवाखान्यातल्या खाटेवरसुद्धा. सौम्यानं यांना कधी पाहिलेलं नव्हतं. फोटो आतल्या खोलीत, आणि त्यात नुसता चेहरा आहे.

मी भिंतीला टेकले. भीती वाटली असं नाही म्हणणार. आत जाऊन यांचा फोटो तेवढा बघून आले.

मुलगा वरच्या मजल्यावर राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, “आई, पोरगी तुला बनवतेय.” मग माझा चेहरा बघून त्यानं स्वतःचा फोन क्लासात रेकॉर्डिंगला लावला. त्यात सौम्याचा आवाज, मध्ये मोकळी जागा, बाहेरची रिक्षा, पुन्हा सौम्या. बस.

मीही त्या खुर्चीसमोर उभी राहिले की हो. इंग्रजीतून बोलले, चांगलं बोलले. काही नाही. बाकीच्या मुलांनाही काही नाही. फक्त सौम्याला.

एकदा न राहवून मी तिच्या मागून मराठीतच म्हटलं, “अहो, मराठीत बोला ना. मी इथंच आहे.”

सौम्या म्हणाली, “आंटी, ते फळ्याकडं बोट दाखवतायत.”

आता काय म्हणावं या माणसाला. आयुष्यात माझं एक ऐकलं नाही, आणि पाळला तर हा नियम पाळला. मी उठून फळा पुसला. सौम्या म्हणाली, “गेले.” मग बरेच दिवस आलेच नाहीत. शेवटी मी मुकाट्यानं पुन्हा ‘ओन्ली इंग्लिश’ लिहिलं, तेव्हा आले.

तर अशी माझी गत. बोलणाऱ्याला इंग्रजी येत नाही, ऐकणारीला येत नाही, आणि जिला येतं तिला ऐकू येत नाही.

सौम्याला एवढं कळलं होतं की ते दरवेळी एकच प्रश्न विचारतात, आणि तो माझ्याबद्दल आहे. विचारताना तिच्या मागं बसलेल्या माझ्याकडं बघतात. तिला सापडले होते एवढेच शब्द : शी... ऑल्सो... ऑर नॉट. मधलं निसटायचं. “ती पण... की नाही?” ती पण काय? कॉफी घेणार? रागावलीय? रडते? येणार?

मग मी त्या पोरीच्या मागं लागले. बातम्या ऐकवल्या, डिक्टेशन दिलं, मुलाला वेगवेगळ्या माणसांचं बोलणं फोनवर लावायला सांगितलं. ऐक, पुन्हा ऐक, आता सांग काय म्हणाला. तिला वाटायचं परीक्षेसाठी. परीक्षेसाठी होतंच, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू, मला तो मधला शब्द हवा होता. तोंडी परीक्षेत ती मस्त बोलली. मावशी पेढे घेऊन आली आणि त्याच दमात म्हणाली, “अक्का, हिच्या अप्पांना देवनहळ्ळीकडं काम मिळालं, एअरपोर्टच्या टॅक्सीवर. सगळेच तिकडं चाललेत, हिलाही घेऊन जातायत. उद्याचा क्लास शेवटचा.”

मी पेढा हातात धरून बसले.

शेवटच्या दिवशी बाकीच्यांना सुट्टी दिली. सौम्याला म्हटलं, “आज घाई नाही. कळलं नाही तर पुन्हा विचार. दहादा विचार. मला राग येणार नाही, त्यांनाही येणार नाही.”

“सरी आंटी,” म्हणाली. सरी म्हणजे बरं.

मी तिच्या मागं स्टुलावर. उन्हाची तिरीप खुर्चीच्या वेतावर पडलेली, खुर्ची रिकामी. मला रिकामीच.

“गुड आफ्टरनून सर.” थांबली. “टुडे इज माय लास्ट क्लास सर.” थांबली. मग बराच वेळ मान तिरकी.

“सॉरी सर. प्लीज रिपीट.”

मी पदर मुठीत धरलेला.

“सॉरी सर. स्लोली प्लीज.”

पुन्हा मान तिरकी. मला तिची पाठ दिसत होती. वेणीचं टोक ती बोटाला गुंडाळायला लागली, आणि मला कळलं काय होणार ते. इतकी वर्षं पोरं बघितलीत मी. आपली मुलं दोनदा विचारतात. तिसऱ्यांदा विचारायची त्यांना लाज वाटते. समोरचा वयानं मोठा, बिचारा इतका कष्टानं बोलतोय, त्याला आणखी किती त्रास द्यायचा... मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात ती मान डोलावून म्हणाली,

“येस सर.”

ते येस मी ओळखते. प्रत्येक पोराकडून ऐकलंय. त्याचा अर्थ हो असा नसतोच. काही कळलं नाही, पण आता सोडा मला, असा असतो. पण ते समोरच्याला कुठं माहीत. यांनी जिवंतपणी माझ्या क्लासात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

सौम्या वळली. चेहरा उजळलेला. “आंटी, प्रश्न नाही कळला. पण नंतरचं सगळं कळलं. एकेक शब्द.”

“काय म्हणाले?”

“ते हसले. म्हणाले, ‘गुड. देन आय विल वेट.’ आणि उठून गेले.”

बरं. मग मी वाट बघतो.

मी तिला म्हटलं, “पुट्टी, परत बोलाव. सांग, चुकून येस म्हटलं.” ती पुन्हा उभी राहिली, पोर. सॉरी सर, सॉरी सर करत राहिली. मग रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं, डबाभर चकल्या दिल्या आणि सांगितलं की तुझी काही चूक नाही. खरंच नाही. मावशी न्यायला आली, रिक्षा वळली, संपलं.

नंतर एकदा ती देवनहळ्ळीहून आली होती मला भेटायला. मुद्दाम खुर्चीसमोर उभी राहिली. म्हणाली, “कोणी नाही आंटी.” फळ्यावर नियम आहे, खुर्ची आहे, वेळही तीच. कोणी नाही.

मुलगा म्हणतो, मनाचे खेळ. असतील. सून म्हणते, शांत करून घ्या. कोणाला शांत करायचं, मला की त्यांना? मी स्वतःची समजूत घालते की हे आयुष्यभर दुकानात आलेल्या प्रत्येकाला “बाय-टू?” विचारायचे, एक कॉफी दोघांत. तेवढंच विचारलं असेल. ती पण घेणार का, की नाही? आणि आता बसले असतील कुठंतरी, अर्धी कॉफी समोर ठेवून.

पण मग दुपारी, अजूनही कोणाकोणाची करून देते ती काजं करताना, मध्येच हात थांबतो. माझ्या नावानं कशाला तरी हो म्हटलं गेलंय, आणि ते काय, कधीचं, मला माहीत नाही. नाही म्हणायचं होतं की होच म्हणायचं होतं, तेही आता सांगता येत नाही.

तुमच्यापैकी कोणाला काही कळलं असेल तर लिहू नका. या. दिवाळीला बघू, सुट्टीत बघू असं करू नका. मेट्रोनं आलात तर मुलगा स्टेशनवर येईल. कॉफी मी करते, तुम्ही नुसतं येऊन बसा, त्या खुर्चीत बसलात तरी चालेल. पण स्वल्प लवकर या.