आजींच्या लग्नाची साडी

एका आजींना मी त्यांच्याच लग्नाबद्दल खोटं पाडलं, तेही त्यांच्या नातीसमोर.

मी नंदुरबारला कॉलेजात इतिहास शिकवतो. त्या वर्षी मला साधनांचं वेड लागलं होतं. संशोधनाला उपयोगी पडेल असं इंटरनेटवर काय मिळतं, ते सारखं शोधत असायचो. मोडी वाचून देणारं काही, मुलाखती ऐकून टंकून देणारं काही, जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवणारं काही. एक उतरवून घ्यायचं, अर्ध्यात सोडायचं, दुसऱ्यामागे धावायचं. जेवतानाही हातात मोबाइल. बायको म्हणायची, "तुमचं संशोधन म्हणजे नुसतं डाउनलोड."

मग जुन्या कृष्णधवल फोटोंना रंग देणारं एक साधन सापडलं. लगेच कॉलेजात जुन्या लग्नांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवून टाकलं. चिंचपाड्याजवळच्या एका ख्रिस्ती शेतकरी घरातल्या आजींनी आपला लग्नाचा एकुलता एक फोटो विश्वासाने दिला.

संगणकाने साडी पांढरी ठेवली. मला ते खटकलं. नवरी आणि पांढऱ्यात? विचारायला एक फोन पुरला असता. मी तो केला नाही. साडीवर बोट ठेवलं आणि लाल रंग निवडला.

प्रदर्शनाला आजी नातीचा हात धरून आल्या. बराच वेळ फोटोसमोर उभ्या राहिल्या.

"सर, ही साडी माझी नाही. मी पांढरी नेसले होते. मामा म्हणालाही होता, लग्नाला चाललीस का मयताला? तरी मी पांढरीच नेसले."

भोवती प्राध्यापक, विद्यार्थी. मी हसलो. "आजी, इतक्या वर्षांनी आठवत नसेल तुम्हाला. फोटोतला मूळ रंग संगणकाला बरोबर कळतो."

"घ्या आजी, सरांनी तुमचं पुन्हा लग्न लावलं!" एक सहकारी म्हणाले. सगळे हसले. नातही हसली. आजींनी तिचा हात सोडला.

प्रदर्शन संपल्यावर लाल साडीचा फोटो मी आजींच्या घरी पाठवून दिला. पुढे महिनाभर मी आणखी साधनं धुंडाळली. कशातच मन लागेना. संगणकाने आधी दिलेली फाइल उघडायचो, पांढरी साडी बघायचो, बंद करायचो. मग आजींच्या सुनेचा फोन आला. "सर, प्रदर्शनाला आली होती ना, त्या आमच्या मुलीचं लग्न ठरलंय. सासूबाई तिला आपल्या लग्नाचं सांगायला लागल्या, की ती म्हणते, आजी, तुला काय आठवतं, फोटोत बघ. आता त्या बोलायच्याच बंद झाल्यात."

रविवारी चिंचपाड्याची जीप धरली. घरची मंडळी नुकतीच चर्चमधून येऊन ओट्यावर टेकली होती. मी पांढऱ्या साडीचा फोटो आजींच्या हातात दिला. नात वाकून बघू लागली.

"सर, मग संगणक चुकला होता?"

हो म्हणणं फार सोपं होतं.

"नाही," मी म्हणालो. "त्याने पांढरीच दिली होती. लाल मी केली." मग आजींकडे वळलो. "आजी, तुम्ही खरं सांगत होता आणि मला ते माहीत होतं. तरी चार लोकांत मी तुम्हालाच विसराळू ठरवलं. माझं चुकलं. मला माफ करा."