कार्ड वाढलं

तुमच्या खिशात आत्ता असं काय आहे, जे हरवलं तर उद्या सकाळी तुमच्याच घराच्या जिन्यात उभं राहायचा हक्क तुम्हाला उरणार नाही? चाचपून बघा. पाकीट गेलं तर चार शिव्या घालाल, फोन गेला तर दोन दिवस जेवण गोड लागणार नाही. पण माणूस म्हणून तुम्ही बाद होत नाही. घडीताई मात्र होते. चार बोटं रुंदीच्या प्लॅस्टिकच्या एका कार्डावर तिचं परदेशातलं राहणं, तिची नोकरी, तिच्या पोरीची शाळा असं सगळं टांगलेलं आहे.

घडीताई हे तिचं टोपणनाव. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत ती आठ-आठ तास उभ्याने चादरी प्रेस करते आणि त्यांच्या घड्या घालते. घरी आली तरी हाताची सवय सुटत नाही. बसचं तिकीट असो की औषधाची चिठ्ठी, हातात आलं की चार घड्या. एक दिवस मलाही घडी घालून कपाटात ठेवशील, असं नवरा चिडवतो. घरी सापडाल तेव्हा ठेवीन, असं ती ऐकवते. नवरा ट्रेलर चालवतो, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावरच. दोन खोल्यांच्या घरात ती, सात वर्षांची मुलगी आणि सासू.

त्या सोमवारी लाँड्रीत कपडे बदलताना तिने पर्सचा आतला कप्पा उघडला, तर कप्पा रिकामा. तिने पर्स बाकावर उपडी केली. कंगवा, किल्ली, पोरीचा रबरबँड, डोकेदुखीच्या गोळ्या. कार्ड नाही. शुक्रवारी सुपरवायझरने सगळ्यांची कार्डं बघायला मागितली होती. तिने दाखवलं होतं आणि परत ठेवलं होतं. ठेवलं होतं ना? आता आठवायला गेलं की हात आठवे, कार्ड आठवे, पण कप्पा काही आठवेना.

आणि वेळ कुठली गाठावी तर हीच. कार्डाची मुदत येत्या शुक्रवारी संपत होती. त्यांच्या घरात गेला महिनाभर एकच घोष चालला होता, कार्ड वाढवायचंय, कार्ड वाढवायचंय. बुधवारी सकाळी अकराची कार्डाच्या कचेरीतली वेळ मिळाली होती, तीही फॉर्मवाल्याने तीन आठवडे कॉम्प्युटरपुढे बसून मिळवलेली. फॉर्मवाला म्हणजे मोबाइलच्या दुकानामागच्या खोलीत लोकांचे अर्ज भरून देणारा एक आपलाच माणूस. मुदतीच्या आत अर्ज खिडकीत गेला नाही, तर शनिवारपासून घडीताई त्या देशात बेकायदा. आणि अर्जासोबत जुनं कार्ड द्यावंच लागतं.

दिवसभर तिने चादरी प्रेस केल्या. सुपरवायझर जवळून गेला की ती मान खाली घाले. कुणाला सांगावं तर कामावरची बातमी वरच्या मजल्यावर जायला किती वेळ लागतो? सुटल्यावर ती बसमध्ये चढली नाही. बसमध्ये कार्ड बघणारे तपासनीस असतात. पाच थांबे ती चालत आली, तेही मागच्या गल्ल्यांतून. वाटेत गणवेशातला एक माणूस दिसला तेव्हा ती भिंतीला चिकटून उभी राहिली. तो कचऱ्याचे डबे उचलणारा निघाला. त्याने हसून तिला वाट दिली, आणि त्या हसण्याचीही तिला भीती वाटली.

घरी येऊन तिने गाद्या उलटल्या, कपाट रिकामं केलं, पोरीचं दप्तर झाडलं. सासू मागे मागे फिरत होती, पडलेलं उचलून ठेवत होती, पण तोंडातून शब्द नाही. एरवी चमचा सापडला नाही तरी ही बाई शंभर सूचना करते. आज गप्प. घडीताईला वाटलं, म्हातारी आपल्यासारखीच घाबरलीय.

मंगळवारी संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. आवाज एकदम मोकळा. मुलीची चौकशी केली, रस्त्यातल्या गर्दीला शिव्या घातल्या, आणि मग म्हणाला, सुटलीस बाई तू एकदाची, ते बरं झालं. कशातून सुटले, असं तिने विचारलं.

"अगं कार्ड वाढलं ना तुझं. मी फॉर्मवाल्याला फोन करून उद्याची वेळ सोडून दिली. दुसऱ्या कुणाला तरी मिळेल बिचाऱ्याला."

घडीताई खुर्चीच्या कडेला टेकली. "अहो, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आईने. शनिवारीच म्हणाली, सूनबाईचं कार्ड वाढलं."

तिने फोन तसाच हातात धरला आणि स्वयंपाकघराच्या दारात गेली. सासू ओट्याकडे तोंड करून उभी होती. घडीताईच्या डोक्यात नाही नाही ते विचार. कार्ड हिने कुणाला दिलं? दारावर कुणी आलं होतं का, मी वाढवून आणतो म्हणून घेऊन गेलं का? असे भामटे फिरतात, आणि म्हातारी माणसं गोड बोलण्याला भुलतात. आई, माझं कार्ड कुठे आहे, असं तिने विचारलं.

सासूने पदराची गाठ सोडली. आत रुमाल, रुमालात कार्डाचे दोन तुकडे. शनिवारी सासूने मशीनमध्ये घडीताईचा कामावरचा ॲप्रन टाकला होता, खिसा न बघता. कार्ड पर्समध्ये नव्हतंच, ॲप्रनच्या खिशात होतं. मशीनने ते फोटोच्या मधोमध मोडलं होतं. एका तुकड्यावर घडीताईचं कपाळ आणि डोळे, दुसऱ्यावर तोंड आणि हनुवटी.

"तुटलं कसं म्हणू गं," सासू म्हणाली. "तुझा सगळा संसार आहे त्याच्यावर. वाढलं म्हटलं."

कळलं ना तुम्हाला? बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. जन्मभर या बाईने अशुभ शब्द जिभेवर येऊ दिला नाही, तो या कार्डासाठी कसा आणणार? आणि पोरगा ट्रेलरच्या घरघरीत ऐकतोय काय, तर मुदत वाढली. तो म्हणाला, बरं झालं. पोरगाच बरं झालं म्हणतोय म्हटल्यावर हिलाही वाटलं, एवढं काही बिघडलेलं नसेल. दोन दिवस सून घर उलथंपालथं करताना बघून मात्र तिची दातखीळ बसली होती.

फोनवर नवरा हॅलो हॅलो करत होता. घडीताईला आधी हसू फुटलं, खदखदून, आणि मग ते हसू आवरेना म्हणून पोरगी घाबरून रडायला लागली.

तिने फॉर्मवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, वहिनी, सोडलेली वेळ गेली, पुढची पाच आठवड्यांनी. मग आवाज खाली आणून त्याने सल्ला दिला. तसंच सकाळी जाऊन रांगेत उभं राहायचं, आधी वेळ न घेतलेल्यांची एक वेगळी रांग असते. आणि तुटलं असं अजिबात सांगायचं नाही. मोडलेलं कार्ड बघितलं की त्यांना वाटतं, फोटो बदलायला कुणीतरी उचकटलंय. हरवलं म्हणायचं, पोलिसांची चिठ्ठी नंतर आणते म्हणायचं, तुकडे गटारात टाकून द्यायचे. तुम्ही बरोबर याल का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, त्या इमारतीत मी पाऊल टाकत नाही. त्याच्या स्वतःच्या धंद्याचा परवाना कुठे होता?

बुधवारी सकाळी सहापासून ती रांगेत. पुढे साठ-सत्तर माणसं, प्रत्येकाच्या छातीशी एक प्लॅस्टिकची पिशवी, तान्हं पोर धरावं तशी. तुकडे तिने टाकले नव्हते. पर्समध्ये होते, रुमालात, चार घड्या घातलेल्या रुमालात. साडेअकराला ती खिडकीशी पोचली. काचेमागच्या बाईने एक फॉर्म सरकवला. त्यावर तीन चौकोन. हरवलं, चोरीला गेलं, खराब झालं. एकावर खूण करायची.

तीन चौकोन! माणसाच्या आयुष्याचं जे काय होतं ते या लोकांनी तीन चौकोनांत बसवून टाकलंय, आणि चुकीच्या चौकोनावर खूण केली तर विमानात बसवून परत. हरवलं म्हटलं तर कुठे हरवलं ते विचारतील. मग पोलिसांपुढे खोटं, सुपरवायझरपुढे खोटं, आणि पर्स उघड म्हणाले तर? मागच्या माणसाने घसा खाकरला. तिने तिसऱ्या चौकोनावर खूण केली आणि रुमाल उघडून काचेखालून आत सारला.

बाईने तुकडे बघितले, तिच्याकडे बघितलं, आणि कुणाला तरी हाक मारली.

तिला आतल्या एका खोलीत बसवलं. टेबल, दोन खुर्च्या, खिडकी नाही. दार बाहेरून बंद केल्याचा आवाज आला. दीड तास. त्या दीड तासात तिने काय काय बघितलं ते तिलाच माहीत. शाळेच्या फाटकाशी उभी राहिलेली पोर, आणि घ्यायला कुणी आलेलं नाही. अर्ध्या रस्त्यात ट्रेलर थांबवून फोनवर फोन लावणारा नवरा. तहान लागली होती, पण टेबलावरच्या बाटलीला हात लावावा की नाही हेही तिला ठरवता येईना.

मग एक अधिकारी आला. काय झालं, असं त्याने विचारलं. घडीताईला त्यांची भाषा कळते बरीच, पण बोलता येते ती लाँड्रीपुरती. मळकं, ओलं, गरम, खिसा, मशीन, डाग. तिने तेवढ्यावरच सांगितलं. ॲप्रन मळका, खिशात कार्ड, मशीन गरम. हाताने गरागरा फिरवून दाखवलं. अधिकारी हसला नाही, पण त्याने लिहून घेतलं. मग पेन थांबवून त्याने विचारलं, मशीनमध्ये कुणी टाकलं?

सासूचं कार्डही याच कचेरीतलं. नाव घेतलं तर म्हातारीवर गुन्हा लावतील? तिला परत पाठवतील? मी टाकलं, असं म्हणून मोकळं व्हावं, हा विचार ओठापर्यंत आला. पण ज्या बाईने सकाळी सहापासून खोटं न बोलण्यासाठी जीव मुठीत धरला होता, तिला ते जमलं नाही.

"नवऱ्याची आई," ती म्हणाली.

त्याने तिला एक कागद दिला. अर्ज मुदतीत आला अशी नोंद, कागद महिनाभर चालेल. पण खाली एक अट लिहिलेली. मशीनमध्ये कार्ड टाकणाऱ्या व्यक्तीने पुढच्या मंगळवारी दहा वाजता स्वतः येऊन जबाब द्यावा. सोबत दोन्ही भाषा जाणणारा माणूस आणावा, नातेवाईक चालणार नाही. जबाब पटला तर नवं कार्ड, नाही पटला तर महिन्यानंतर काय, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. मराठी जाणणारा कचेरीचा स्वतःचा दुभाषा नाही का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडे नाही, तुम्ही आणा.

घरी येताना आपण सासूला विकून आलो असं तिला वाटत होतं. कसंबसं सांगितलं. सासूने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"पकडतील का गं मला?" तिने विचारलं.

"नाही हो आई. नुसतं विचारतील."

"मग येते मी. तू बोलू नकोस मध्ये."

तेव्हापासून म्हातारी भांडी घासता घासता जबाब पाठ करते, आणि दारावर टकटक झाली की मोरीत जाऊन उभी राहते. घडीताई तो कागद घेऊन कामावर जाते, दर तासाला खिसा चाचपते. दोन्ही भाषा जाणणारा माणूस अजून मिळालेला नाही. तिघांना विचारलं. एकाला रजा नाही, एकाला त्या इमारतीचीच भीती, एक म्हणाला कळवतो, आणि आता फोन उचलत नाही.

तुम्ही जिथे आहात तिथेही अशी इमारत आहे, आणि तिच्या रांगेत मराठीत पुटपुटत जबाब पाठ करणारी एक म्हातारी आहे. तुम्हाला दोन्ही भाषा येतात. येतात म्हणूनच तर तुम्ही तिथे ताठ मानेने फिरता. एका सकाळची रजा टाका, त्या रांगेत जा, आणि कुणी एकटं दिसलं तर विचारा, मी येऊ का आत तुमच्याबरोबर?