ब्राझिलियन खाटकाच्या दुकानातलं माझं दुखणं

खोटं बोलायचं असं ठरवून मी त्या दुकानात गेलो नव्हतो. गेलो होतो मटणासाठी.

२०२०चा उन्हाळा. आम्ही डब्लिनच्या पश्चिमेला ओंगारमध्ये राहत होतो. बायको सरकारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, त्यामुळे घराबाहेर पडणारी घरातली एकमेव व्यक्ती ती. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायचो आणि समोर नऊ वर्षांची मुलगी शाळेचा अभ्यास केल्यासारखं करायची. वसंत ऋतू असा घरातच संपला. जून सरता सरता खानावळी उघडल्या, तेव्हा शनिवारी कुठेतरी पायी जायचं असं आम्ही ठरवलं. कुठे, ते मी ठरवलं. घरापासून वीसेक मिनिटांवर एक ब्राझिलियन खाटकाचं दुकान होतं. पुढे मांस, मागे चार टेबलांची खानावळ. एकदा दारावरून जाताना मला आतून हाडं कापायच्या करवतीचा आवाज ऐकू आला होता. मी कोल्हापूरचा. इथल्या सुपरमार्केटमधलं, हाडाचा मागमूस नसलेलं, गुलाबी तुकड्यांचं लॅम्ब खाऊन तीन वर्षं काढली होती. तो आवाज ऐकून मला जे झालं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

पहिल्या शनिवारी बायकोची ड्यूटी होती, म्हणून मुलीला घेऊन निघालो. वाटेत तिला व्याख्यान दिलं. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात, आणि आपल्या मराठीत पोर्तुगीज शब्द किती आहेत माहितीये का? पाव, बटाटा, चावी, पगार! म्हणजे अर्धी भाषा आपल्याला येतेच.

"ग्रँड," मुलगी म्हणाली. आयर्लंडमध्ये ह्या शब्दाचा अर्थ 'बरं, पुरे' असाही होतो.

दुकानात गरम पदार्थांच्या काउंटरमागे साठीच्या पुढच्या एक आजी होत्या. मांसाच्या काउंटरमागे त्यांचा मुलगा, तोच मालक. त्याला इंग्रजी उत्तम येत होतं, आजींना जवळजवळ नाही. मी "पाव" म्हणालो. आजी खूश झाल्या आणि चीजचे गरम गोल पाव दिले. "बटाटा" म्हणालो, तर चिप्स मिळाले. चावी आणि पगार ह्यांचा उपयोग होईना, तेव्हा माझं पोर्तुगीज तिथेच संपलं. पण तोवर आजींचा माझ्यावर जीव जडला होता. त्यांनी भट्टीतून काढलेल्या मांसाचा एक पातळ काप कागदी बशीत घालून माझ्यासमोर धरला. कडेला चरबीची सोनेरी पट्टी. गाईचं होतं.

देवाधर्माचा मी फारसा नाही, पण गाईचं खात नाही. "सॉरी, मी बीफ खात नाही," एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. ऑफिसमध्ये मी लोकांच्या कामातल्या चुका पानंच्या पानं लिहून काढतो. पण त्या माउलीने प्रेमाने पुढे केलेली बशी बघून माझी दातखीळ बसली. मांस विकणाऱ्या बाईला तिचं मांस चालत नाही म्हणून कसं सांगायचं? मी छातीवर हात ठेवला, चेहरा शक्य तितका दुःखी केला आणि म्हणालो, "नो, थँक यू. डॉक्टर... नो."

आजींनी माझ्या छातीवरच्या हाताकडे बघितलं. "कोरासाँव?"

मला वाटलं, बीफलाच म्हणत असतील. मी जोरात मान हलवली. "येस, येस. कोरासाँव."

आजींचे डोळे भरून आले. त्या मुलाला काहीतरी म्हणाल्या. त्याने करवत बंद केली आणि माझ्याकडे वळला. "आई म्हणतेय, फार वाईट वाटलं. तुमचं वय तरी काय. हृदयाचं दुखणं म्हणजे जपायला हवं."

त्या घडीला सगळं सावरता आलं असतं. करवत बंद होती, शांतता होती, समोर इंग्रजी समजणारा माणूस होता. मी म्हणालो, "हो ना. काय करणार."

बाहेर पडल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, इज देअर समथिंग राँग विथ युअर हार्ट?"

"नाही गं. त्यांचा जरा गैरसमज झाला."

"दॅट्स स्टिल अ लाय, लाइक," ती पाव खात म्हणाली. शेवटचं 'लाइक' इथल्या शाळेतलं.

पुढच्या शनिवारी शिक्षा सुरू झाली. मी नळीसकट मटण मागितलं. मुलगा करवतीकडे वळणार एवढ्यात आजी काउंटरला वळसा घालून आल्या आणि दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. लाल मांस बंद. मला कातडी काढलेलं कोंबडीच्या छातीचं मांस बांधून देण्यात आलं. मग टेबलावर बसवून एक वाडगा समोर ठेवला. कोंबडी आणि तांदळाचं सूप, नाव कांजा. नाव ऐकून मला कांजी आठवली, आणि चवही आजारपणात घ्यायच्या पेजेसारखीच होती. आजी बोट नाचवत म्हणाल्या, "सें साऊ!" मुलाने भाषांतर केलं. बिनमिठाचं. खास माझ्यासाठी वेगळं केलेलं. माझी मुलगी समोर बसून कोंबडीचा खिमा भरलेले तळलेले गोळे खात होती आणि तिच्या हनुवटीवरून तेल ओघळत होतं.

मी वाडगा चाटूनपुसून संपवला. आजी समोर उभ्याच होत्या.

ऑगस्टमध्ये एकदा बायकोला शनिवारी सुट्टी मिळाली आणि ती बरोबर आली. खरं म्हणजे तिला आधी सांगून ठेवायला हवं होतं. पण रोज तेरा-तेरा तास मास्क लावून खरे रोगी बघणाऱ्या बाईला, मी एका खाटकाच्या दुकानात हृदयरोगी आहे, हे सांगायचा धीर झाला नव्हता. ती डॉक्टर आहे हे मुलीने आल्या आल्या जाहीर केलं. आजींनी लगेच मुलाला बोलावलं.

"आई विचारतेय," तो अदबीने म्हणाला, "ह्यांचं हृदय आता कसं आहे?"

"कोणाचं?" बायको म्हणाली.

बायकोने माझ्याकडे बघितलं, टेबलावरच्या वाडग्याकडे बघितलं, मग लॉकडाऊनमध्ये सुटलेल्या माझ्या पोटाकडे बघितलं. सोळा वर्षांच्या संसारात मी तिला इतकं आनंदी क्वचित पाहिलंय.

"सुधारतंय," ती गंभीरपणे म्हणाली. "पण पथ्य पाळायला हवं. तळलेलं अजिबात नको. आणि गोडही."

गोडाबद्दल आजींनी आजवर काही म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून माझं कॅरॅमलचं पुडिंगही गेलं.

"अगं, तू डॉक्टर आहेस!" मी घरी येताना म्हणालो. "असं खोटं बोलतात का?"

"मी कुठे खोटं बोलले? तुझं पोट बघ. आणि खरं सांगायचं असेल तर तूच सांग. दुकान काय पळून चाललं नाहीये."

सप्टेंबरमध्ये डब्लिनमधल्या खानावळींत आत बसणं पुन्हा बंद झालं. दुकान चालू राहिलं, फक्त टेबलं भिंतीला लावून ठेवली. मला वाटलं, सुटलो. पण आजी डबा भरून देऊ लागल्या. झाकणावर निळ्या पेनाने बदामाचं चित्र, म्हणजे तो माझा. मी तो घरी आणून गुपचूप मीठ घालत असे, वर लसणाची चटणी. आणि पुढच्या शनिवारी रिकामा डबा परत देताना "व्हेरी गुड" म्हणत असे.

मग जानेवारी आला. त्या जानेवारीबद्दल जास्त लिहवत नाही. हॉस्पिटलं भरली होती. बायको घरी येऊन जिन्याच्या पायरीवर बसायची आणि बूट काढायचं विसरून जायची. एका बुधवारी तिला ताप आला, आणि दुसऱ्या दिवशी तपासणीचा निकालही. ती वरच्या खोलीत बंद झाली. मी आणि मुलगी खाली. शनिवारी येणार नाही, एवढा मेसेज मी दुकानाच्या नंबरवर पाठवला, आणि कारण लिहिलं.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दार उघडेपर्यंत आजींचा मुलगा मागे हटून गेटपाशी जाऊन उभा राहिला होता. पायरीवर दोन डबे. मोठा कोरा, लहानावर बदाम.

"आई म्हणाली, डॉक्टरीणबाई आजारी म्हटल्यावर तुमच्या जेवणाकडे कोण बघणार?" तो लांबून ओरडला. "तिने आज चर्चमध्ये तुमच्यासाठी मेणबत्ती लावलीय. दर रविवारी लावतेच, आज खास जाऊन लावली."

मी दार लावून स्वयंपाकघरात आलो. मोठा डबा गरम करून वरच्या खोलीच्या दाराशी ठेवून आलो. आतून बायको खोकत म्हणाली, "मला चव-वास काहीच नाही रे. कसं आहे?"

"छान आहे," मी म्हणालो. मी माझा डबा त्या दिवशी मीठ न घालता संपवला. त्याने कोणाचं काय भलं झालं असेल देव जाणे, पण मिठाचा डबा उघडायला हात उचलेना.

बायको तीन आठवड्यांनी बरी होऊन कामावर गेली. मी ठरवलं, आता सांगायचं. मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही तिघं गेलो. मी आधी मालकाला गाठलं, बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्याने हात पुसले.

"हे मी आईला सांगणार नाही. तिच्या प्रार्थनेच्या गटातल्या अकरा बायका तुमच्यासाठी प्रार्थना करतात. तुमचं तुम्ही सांगा."

"पण मला पोर्तुगीज येत नाही."

"मला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं," तो म्हणाला.

मग मी फोनवर आठवडाभर तीन वाक्यं पाठ केली. माझं हृदय चांगलं आहे. मी गाईचं मांस खात नाही. मी खोटं बोललो. पुढच्या शनिवारी आजींसमोर उभा राहून, चौथीतल्या मुलाने कविता म्हणावी तसं पहिलं वाक्य म्हटलं, "मेऊ कोरासाँव ए बोम."

आजींनी दोन्ही हात वर केले. किंचाळल्याच. मुलाला हाक मारली, रांगेतल्या दोन गिऱ्हाइकांना सांगितलं, क्रॉसची खूण केली. रांगेतला एक माणूस टाळ्या वाजवू लागला. माझं दुसरं वाक्य त्या गोंधळात कोणालाच ऐकू आलं नाही.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "शी थिंक्स यू'र क्युअर्ड."

आता खरं तर सगळे सुखी होते. आजींच्या प्रार्थनेला फळ आलं होतं, मला मटण मिळालं असतं. मी बायकोकडे बघितलं. ती चीजच्या पावांकडे टक लावून बघत होती. ह्या बाबतीत तिची मदत होणार नव्हती. मी घसा साफ केला आणि दुसरं आणि तिसरं वाक्य मोठ्याने म्हटलं. कोणी नीट ऐकलं नसेल म्हणून तिसरं पुन्हा म्हटलं. मी खोटं बोललो.

आजींचे हात खाली आले. त्यांनी मुलाकडे बघितलं, त्याने मान हलवली. त्यांनी हातातला चिमटा ठेवला आणि मागच्या खोलीत गेल्या. टाळ्या वाजवणारा माणूस आपल्या बुटांकडे बघू लागला.

पुढचे दोन शनिवार आजी दिसल्या नाहीत. मालकाने मला नळीसकट मटण कापून दिलं, पैसे घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरी तांबडा रस्सा केला. चांगला झाला होता; बायको आणि मुलगी तसं म्हणाल्या. मी मात्र अर्धी वाटी तशीच ठेवली.

तिसऱ्या शनिवारी आम्ही तिघं गेलो, तेव्हा आजी काउंटरमागे होत्या. मला बघून त्यांनी मुलाला हाक मारली आणि भरभर बोलू लागल्या. तो थांबून थांबून सांगत होता.

"आई म्हणतेय, गाईचं खात नाही तर नाही, त्यात काय? तिचा नवरा डुक्कर खात नव्हता. त्याला आवडायचं नाही. चाळीस वर्षं तिने दोन भांडी चढवली." आजी पुढे बोलल्या. ह्या वेळी तो जरा घुटमळला. "ते सूप तुमच्यासाठी वेगळं केलेलं नव्हतं. ते तिचंच जेवण. हृदय तिचं खराब आहे. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. तिला वाटलं होतं, निदान कोणीतरी जोडीला आहे."

आठ महिने मी एका बाईचं जेवण अर्धं खाल्लं होतं, त्यात चोरून मीठ घातलं होतं, आणि वर तिला सोबत असल्याचा भासही दिला होता. मी म्हणालो, मी अजूनही बिनमिठाचं सूप खाईन. दर शनिवारी. तिच्यासोबत.

मुलाने सांगितलं. आजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि एवढंच म्हणाल्या, "नाटक नको." निदान भाषांतर तरी तसं झालं. मग त्यांनी बायकोला बोटाने जवळ बोलावलं, एप्रनच्या खिशातून गोळ्यांची तीन पाकिटं काढली आणि काउंटरवर मांडली.

जूनमध्ये बाहेर बसायला परवानगी मिळाली, तशी दुकानाची टेबलं फुटपाथवर आली. शनिवारी आजी आणि माझी बायको एका टेबलावर बसतात. मुलगी मध्ये बसून फोनवर भाषांतर करते. एव्हाना तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पोर्तुगीज येतं. कोणती गोळी जेवणाआधी, पाय का सुजतात, जिना चढावा की नाही, असं बरंच काही चालतं. सूपमध्ये मिठाऐवजी लिंबू पिळायचं बायकोने सुचवलं, ते आजींना फार आवडलं. मी शेजारच्या टेबलावर असतो. माझ्यासमोर भात, काळ्या घेवड्याची उसळ, तळलेलं अंडं, सगळं मीठ घातलेलं. आजी माझ्याशी नीट वागतात, हसतात, पण फार बोलत नाहीत. धडधाकट माणसात त्यांना रस नसावा.

एकदा मी पाणी प्यायला उठलो तेव्हा त्या बायकोला काहीतरी सांगून हसत होत्या. मी मुलीला विचारलं, "काय म्हणाल्या?"

"नथिंग, बाबा," ती आईकडे बघून हसू दाबत म्हणाली. "शी वॉज आस्किंग मम्मी इफ यू'ड लाइक मोर राइस."